फॉरमॅटच्या आधी वही मागणाऱ्या मुलास

बेटा,

सप्रेम जय भीम.

तुझं नाव इथे लिहीत नाही. "काकू, आभारबिभार काही नका लिहू, नाव तर बिलकुलच नको," असं तू निघताना म्हणाला होतास. नावापुरतं तुझं ऐकते. आभार मात्र चारचौघांसमोर मानणार आहे, कारण माझ्यासारखी छोटी डीटीपीची, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावून देणारी, दुकानं नागपुरात गल्लोगल्ली आहेत आणि यंदा जुनं मशीन बदलायची हीच वेळ त्यांतल्या कितीतरी जणांवर आली असणार.

तू आलास तो घटस्थापनेच्या आधीचा आठवडा होता. आमच्या धंद्याचं वर्ष लग्नसराई आणि दसरा या दोनच गोष्टींवर उभं असतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली आणि दिली. तेव्हापासून दर दसऱ्याला तिथे लोटणारी गर्दी तुला मी काय सांगायची, तू इथलाच. लोक दूरदूरच्या गावांहून शिदोरी बांधून येतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तक असतं. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरच्या बावीस प्रतिज्ञा, वंदना, छोटी चरित्रं यांतली काही पानं सोळा वर्षांपासून माझ्या टेबलावर लागतात. यंदा तीन पुस्तिका हातात होत्या. दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे छापखान्यात फायनल २० सप्टेंबरपर्यंत जायला हवं होतं.

आणि नेमकं तेव्हाच मी मशीन बदललं. घाई नव्हती असं नाही. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद होणार हे सगळीकडे ऐकून होते. माझं मशीन २०१४ चं, आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे माझ्या मशीनवर ते अधिकृतपणे चढणारच नव्हतं. बँकेचे, जीएसटीचे, गिऱ्हाइकांच्या मेलचे व्यवहार त्याच कॉम्प्युटरवर होतात. म्हणून भिशीचे पैसे आले तसे नवा मदरबोर्ड, बाराव्या पिढीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, घेतली. कॅबिनेट, मॉनिटर आणि जुनी हार्डडिस्क तीच ठेवली. वाटलं होतं, आतलं सामान बदललं की जुनं विंडोज तसंच्या तसं उघडेल.

उघडलं नाही. काळा पडदा आणि त्यावर एक ओळ, चालू करायला डिस्क सापडत नाही म्हणून. ज्याने सामान बसवून दिलं त्याला फोन केला तर तो म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल, संध्याकाळी पोरगा पाठवतो." मी हो म्हटलं होतं. हे मला लिहून ठेवायचं आहे. मी हो म्हटलं होतं, कारण मला दुसरं काही माहीतच नव्हतं.

तू त्या दुपारी बहिणीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आला होतास. मी म्हटलं, बेटा, प्रूफ नाही दाखवता येत, मशीन बंद आहे, संध्याकाळी फॉरमॅट करतील. तू खुर्ची ओढलीस आणि विचारलंस, "काकू, याच्यात काय काय आहे ते आधी सांगा न. पुसणं एका मिनिटाचं काम आहे. परत आणणं नाही होत."

मग तू वही मागितलीस.

इथल्या मिहान औद्योगिक भागातल्या कंपनीत तू रात्रपाळीला कॉम्प्युटरचीच कामं करतोस हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तू स्क्रू ड्रायव्हर मागशील असं वाटलं होतं. तू पेन घेऊन बसलास आणि पाऊण तास नुसतं विचारत राहिलास. कोणती सॉफ्टवेअरं, कोणत्या आवृत्तीची? पानं लावायच्या पेजमेकरची सीडी कुठे? मराठी टायपिंगचं लॉक, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालायला मशीनला जोडावा लागणारा छोटा तुकडा, यूएसबीत लावायचं की अजून जुनं? मराठी कीबोर्डची मांडणी कोणती, इनस्क्रिप्ट की जुन्या टाइपरायटरसारखी रेमिंग्टन? फॉन्ट किती आणि कुठून आले? चालू कामं डी ड्राइव्हला की डेस्कटॉपवर? पासवर्ड पाठ आहेत की ब्राउझरलाच माहीत आहेत? प्रिंटरचा मॉडेल नंबर? मी रेमिंग्टन म्हटलं तेव्हा तू मान वर करून विचारलंस, "टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या होत्या का?" हो रे, खडखड करणाऱ्या मशीनवर. माझी बोटं आजही त्याच कळा शोधतात. मला कोणता कीबोर्ड लागतो हे एवढ्या वर्षांत कॉम्प्युटरच्या कुठल्याच माणसाने विचारलं नव्हतं.

त्या पाऊण तासात माझ्या लक्षात आलं की डेस्कटॉपवर तिन्ही पुस्तिकांची चालू पानं होती आणि पेनड्राइव्हवरची शेवटची प्रत मे महिन्यातली होती. फॉन्ट तर सगळे सी ड्राइव्हमध्येच, विंडोजच्या पोटात.

मशीन का उघडत नाही हेही तू नीट सांगितलंस. डिस्क मेलेली नाही, ती जुन्या एमबीआर पद्धतीने बांधलेली आहे आणि नव्या बोर्डात त्या जुन्या रीतीने चालू व्हायची सोयच नाही, त्याला चालू व्हायची यूईएफआय आणि डिस्क बांधायची जीपीटी या नव्या रीती लागतात. आतली फाइल न् फाइल शाबूत आहे, वाचता येते. मी विचारलं, मग हीच डिस्क न पुसता नव्या पद्धतीची नाही का करता येत? तू म्हणालास, "येते न. पण एकच प्रत आहे, काकू. एकुलत्या एका प्रतीवर प्रयोग नाही करायचा." आणि डिस्क बाहेर काढून, तिच्यावर कागद चिकटवून मार्करने लिहिलंस: जुनी, हात लावू नये. संध्याकाळी तो पोरगा आला तेव्हा मी त्याला दारातूनच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुटल्यावर झोप सोडून तू आलास. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ भरून आणलं होतंस. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन टीपीएम चालू केलंस, इंटेलच्या बोर्डावर त्याला पीटीटी म्हणतात हे दाखवलंस. इन्स्टॉल करताना मशीनला फक्त नवी एसएसडी जोडलेली होती. दोन डिस्क जोडलेल्या असल्या तर चालू व्हायच्या फायली कधी कधी भलत्याच डिस्कवर जाऊन बसतात आणि मग ती डिस्क काढली की मशीन पुन्हा मुकं, हे कारण तू न विचारता सांगितलंस. मधेच ते इंटरनेट मागून अडून बसलं, कारण नव्या बोर्डाचा नेटवर्कचा ड्रायव्हर त्यात नव्हता. तू तुझा मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट दिलंस. विंडोजचं जुनं लायसन्स जुन्या मदरबोर्डाशीच बांधलेलं होतं, ते त्याच्याबरोबर गेलं. फुकटात चालवून देणारे बर्डीच्या बाजारात भेटतील, पण नका घेऊ, बिलावर घ्या, हे तू सांगितलंस तसंच केलं.

अठ्ठेचाळीस आकड्यांची गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगत असते. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलं की बऱ्याच मशीनींवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे कधी बोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हललं तर ते किल्ली मागतं, आणि ती किल्ली नसेल तर आपलाच मजकूर आपल्याला उघडत नाही. तू ती किल्ली पडद्यावर आणलीस. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मी वाचत गेले, तू वहीत लिहीत गेलास, मग वही माझ्या हातात देऊन तू पडद्यावरून वाचलंस आणि मी प्रत्येक आकड्याखाली टिंब दिलं. पाचव्या गटात मी ३ चा ८ वाचला होता. तो खोडून तू वर नीट लिहिलास आणि म्हणालास की कॉम्प्युटरची किल्ली कॉम्प्युटरच्याच पोटात ठेवायची नसते. वही आता घरी कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली आहे.

जुनी डिस्क केबलने बाहेरून जोडून सगळं नव्या एसएसडीवर उतरवायला ती रात्र गेली. पाऊस होता, लाइट जाईल म्हणून यूपीएसवर फक्त मशीन ठेवलं आणि मी दुकानातच सतरंजी टाकून झोपले.

आणि मग १७ तारखेची सकाळ. पेजमेकर चढलं, पण उघडेना. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवल्यावर उघडलं. २००१ साली आलेलं हे सॉफ्टवेअर मी का सोडत नाही असं तू एकदाही विचारलं नाहीस. सोळा वर्षांची पानं त्यात आहेत, एवढं तुला कळलं होतं. बत्तीस पानी पुस्तिकेची फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा चिवडा. आमचे जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, नाहीत. आत इंग्रजीच अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट नाही तर मराठीही नाही. माझ्या पोटात गोळा आला. तू म्हणालास, "थांबा न, मी पाहून राहिलो," आणि जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून एकेक उचलून नव्यात घातलास. फाइल बंद केली, परत उघडली. प्रतिज्ञा समोर होत्या.

पण नीट बघितलं तर 'धर्म' मधला रफार एका अक्षराने मागे सरकला होता आणि 'श्र' च्या जागी चौकोन येत होता. एवढं बारीक बघायची गरज तुला नव्हती. मी दोन तास बसून हाताने दुरुस्त केलं असतं. तू मागच्या वर्षीची छापील पुस्तिका मागितलीस, पडद्याशेजारी धरलीस आणि ओळ न् ओळ ताडून पाहिलीस. एकाच नावाचे दोन फॉन्ट निघाले, दोन वेगळ्या सीडींवरून वेगवेगळ्या वर्षी आलेले. नाव तेच, आतल्या अक्षरांच्या जागा वेगळ्या. तू जो आधी घातलास तो दुसराच होता. तो काढला, जुना बसवला, आणि रफार आपल्या जागी गेला. 'श्र' आला. मी तेव्हा रडले ते तू पाहिलंस आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलास, त्याचेही आभार.

२० तारखेला दुपारी तिन्ही फायनल छापखान्यात पोचली.

मी पाकीट पुढे केलं, तू घेतलं नाहीस. "युनिकोडला या हळूहळू, काकू, तेवढं करा," म्हणालास. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड आधीपासूनच असतो, वेगळं लॉक लागत नाही, हे तू दाखवून गेलास. दिवाळीनंतर रोज रात्री एक तास इनस्क्रिप्टवर बसते. वेग अजून नाही आला, पण गेल्या आठवड्यात एका पीएचडीच्या मुलीचे आभाराचे पान पूर्ण युनिकोडमध्ये लावून दिलं. तिला ते मोबाइलवर तसंच्या तसं दिसलं. शेजारच्या झेरॉक्सवालीचंही मशीन गेल्या महिन्यात बदललं. तिच्याकडे मीच वही घेऊन गेले. तुझे सगळे प्रश्न त्याच क्रमाने विचारले आणि तिच्या डिस्कवरही कागद चिकटवला.

तुझ्या बहिणीची पत्रिका शेवटी चार दिवस उशिरा झाली. तुमच्या घरचं कोणी एका शब्दाने बोललं नाही. त्यात 'मंगल परिणय' हे शब्द मी हाताने काढून घेतलेत, कोणत्याच फॉन्टचे नाहीत. तुला सांगायचं राहिलं होतं.

जुनी डिस्क मार्चपर्यंत ठेवा म्हणाला होतास, ती कपाटात तशीच आहे. तिन्ही पुस्तिकांच्या पाच-पाच प्रती तुझ्यासाठी बांधून ठेवल्या आहेत. सकाळी पाळी सुटली की ये, मी आठ वाजता दुकान उघडते. चहा घेऊन मग घरी जा झोपायला.

तुझी
डीटीपीवाली काकू
इंदोरा, नागपूर