काविळीचा पाला देण्याआधी सीपीके तपासा

महोदय,

चार-पाच वर्षांचा मुलगा जांभ्याच्या पायऱ्या चढताना अडखळतो, मांड्यांवर हात रोवत उठतो, पोटऱ्या फुगीर दिसतात. त्याला नुसते टॉनिक देत बसू नका; हा ड्युशेन, म्हणजे स्नायू झिजवणारा जनुकीय आजार, असू शकतो. डिस्ट्रोफिन हे प्रथिन स्नायुपेशीचा आतला सांगाडा तिच्या आवरणाशी बांधून ठेवते. ड्युशेन आजारात ते जवळजवळ नसतेच. मग आकुंचनाच्या ताणाने आवरण फाटते, कॅल्शियम आत शिरते, पेशी मरते, तिथे चरबी भरते. फाटलेल्या स्नायूंतून एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे विकरही रक्तात उतरते आणि कोकणात नेमकी इथेच गफलत होते : यकृत बिघडले समजून काविळीचा पाला सुरू होतो, लाखमोलाचे महिने जातात. बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे रंगद्रव्य) नॉर्मल असेल तर सीपीके (स्नायूंतून रक्तात येणारे विकर) तपासा. लिटरला साधारण 200 युनिटच्या आत हवे ते बहुधा 10,000वर जाते. मग जनुक तपासणी करा, आईचीसुद्धा.

— स्नायुविकारग्रस्त मुलांचे फिजिओथेरपिस्ट, रत्नागिरी