देणगीदारांची नोंद संस्थेच्या दप्तरी हवी

महोदय,

गणेशोत्सव, नवरात्र आणि पाठोपाठ येणाऱ्या हिवाळी व्याख्यानमाला यांच्या निमित्ताने गावोगावचे कार्यकर्ते पावतीपुस्तके घेऊन बाहेर पडतात. कोणाकडे जायचे, गेल्या वर्षी त्यांनी किती दिले आणि आपण त्यांना काय कबूल केले होते, ही माहिती मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या जुन्या कार्यवाहांच्या वहीत किंवा मोबाइलमध्ये असते. ते पदावरून उतरले किंवा मुलाकडे परगावी राहायला गेले, की संस्थेला आपलेच आश्रयदाते नव्याने शोधावे लागतात. व्यापारी कंपन्या ग्राहकांच्या नोंदीसाठी जी ‘सीआरएम’ संगणकप्रणाली वापरतात, ती आपल्या सार्वजनिक संस्थांनी प्रायोजक आणि देणगीदार यांच्यासाठी वापरावी, असे तालुक्याच्या गावातील एका वाचनालयाचे हिशेब पाहताना मला ठामपणे वाटू लागले आहे.

‘हिशेबासाठी टॅली ही संगणकप्रणाली आहेच की’, असे यावर हमखास ऐकायला मिळते. टॅलीत रक्कम कळते, पण त्या रकमेमागचा शब्द कळत नाही. माझ्या परिचयाच्या एका संस्थेत एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ ठेव दिली होती आणि तिच्या व्याजातून दरवर्षी एक व्याख्यान व्हावे, असे ठरले होते. कार्यकारिणी बदलत गेली. ठेव ताळेबंदात बिनचूक होती, व्याख्यानही होत राहिले, पण निमंत्रणपत्रिकेवरून त्या माउलींचे नाव गळाले. त्यांच्या कन्येने येऊन अत्यंत सौजन्याने विचारणा केली, तेव्हा उपस्थित पदाधिकाऱ्यांपैकी एकालाही ती अट ठाऊक नव्हती. अशा प्रसंगाने दुखावलेला देणगीदार तक्रार करत नाही, तो पुन्हा दारात उभे करत नाही इतकेच.

सीआरएममध्ये प्रत्येक देणगीदाराचे एक स्वतंत्र पान असते. दुकानाचे मालक आणि त्यांची पेढी यांची नाती तिथे जोडता येतात, कबूल केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष आलेले हप्ते वेगवेगळे दिसतात, आणि ‘मंचावरील फलकावर नाव’, ‘स्मरणिकेत अर्धे पान’ यांसारखी आश्वासने तारखेसह लिहून त्यांची आठवण लावून ठेवता येते. ‘सिव्हीसीआरएम’ ही खास सेवाभावी संस्थांसाठी तयार झालेली मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते आणि वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळाला जोडता येते. अर्थात सर्व्हरचे भाडे आणि ती बसवून देणाऱ्या जाणकाराचा मोबदला यांची तरतूद अंदाजपत्रकात करावीच लागते. ज्या मंडळाचे वर्गणीदार शे-दोनशेच आहेत, त्यांना सामाईक ऑनलाइन तक्ताही पुरेल. फक्त तो संस्थेच्या ईमेल खात्यावर असावा, कोणा एकाच्या खासगी खात्यावर नसावा.

कायद्याच्या दृष्टीनेही ही निकड वाढली आहे. ज्यांना दिलेल्या देणगीवर देणगीदाराला प्राप्तिकरात 80जी कलमाची सवलत मिळते, अशा संस्थांना 2021-22 या आर्थिक वर्षापासून 10बीडी हे विवरणपत्र भरणे आवश्यक झाले. देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा अन्य ओळख क्रमांक, रक्कम आणि ती रोख, धनादेशाने की वस्तुरूपाने आली, हा तपशील वर्ष संपल्यानंतर 31 मेपर्यंत द्यायचा आणि त्यावरून निघालेले प्रमाणपत्र देणगीदाराला पाठवायचे, अशी ती पद्धत. उशिराबद्दल दिवसाला 200 रुपये शुल्क ठेवले गेले. पावतीवर पॅन लिहून घ्यायचे राहिले, तर मे महिन्यात शेकडो लोकांना फोन करत बसण्याची वेळ येते, आणि ते काम बहुधा एकट्या कोषाध्यक्षांच्या वाट्याला येते.

देणगी आणि प्रायोजकत्व यांतील फरकही नोंदीतच स्पष्ट व्हायला हवा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या 11 ऑक्टोबर 2019 च्या परिपत्रकानुसार धर्मादाय संस्थेने देणगीदाराचे नाव केवळ कृतज्ञतेपोटी लावले आणि त्यातून त्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही. कमानीवर दुकानाचा पत्ता आणि मालाची प्रसिद्धी आली, की प्रश्न वेगळा होतो. फलकावर नेमका कोणता मजकूर ठरला होता, हे लेखापरीक्षकांनी वर्षभराने विचारल्यावर केवळ स्मरणशक्तीवर उत्तर देणे धोक्याचे आहे.

दोन गोष्टींची काळजी मात्र घेतलीच पाहिजे. एकच व्यक्ती देवनागरीत, रोमन लिपीत आणि पेढीच्या नावाने अशी तीनदा नोंदली जाते, म्हणून नवी नोंद करण्यापूर्वी मोबाइल क्रमांकावरून शोध घेण्याची शिस्त हवी. दुसरे म्हणजे, लोकांनी विश्वासाने दिलेले पॅन आणि पत्ते निवडणुकीच्या प्रचारासाठी किंवा कोणाच्या खासगी धंद्यासाठी बाहेर जाता कामा नयेत. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही रोख हाच आहे. त्यामुळे पासवर्ड कोणाकडे राहील आणि कार्यकारिणी बदलताना तो केव्हा बदलला जाईल, याचा ठराव कार्यवृत्तात नोंदवलेला असावा.

आपल्या वाचकांत अशा संस्थांचे अनेक पदाधिकारी आहेत. ज्यांनी ही प्रणाली काही वर्षे चालवली आहे, त्यांनी वार्षिक खर्च किती येतो, मराठी नावे शोधताना काय अडते आणि ज्येष्ठ कार्यकर्त्यांना तिची सवय कशी लावली, हे या सदरातून लिहावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक ग्रंथालय कार्यकर्ता, सातारा जिल्हा