पावती विषयाची आणि नोंदणी रद्द: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सादर नमस्कार.

डिग्रीला नाव न घालता सूक्ष्मजीवशास्त्र हा एकच विषय शिकायला मी विद्यापीठात नोंदणी केली होती. गेल्या मंगळवारी साडेदहाला त्याचा पेपर होता. सकाळी सहाच्या एसटीने निघून मी साडेआठलाच विद्यापीठात पोहोचले. माझ्याबरोबर चार महिने एकाच बाकावर बसलेली पोरं-पोरी आत गेली आणि मला दारात थांबवलं. माझं हॉलतिकीट निघालं नव्हतं, कारण विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, मला मिळालाच नव्हता. ‘पीआरएन नंबर नाही, काकू, सिस्टीम घेत नाही,’ असं सुपरवायझरने सांगितलं. माणूस सभ्य होता, बसायला त्याने खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसून मी आतला पंखा ऐकत राहिले. पेपर सुटल्यावर एक मुलगी प्रश्नपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. पाचातले चार प्रश्न मला येत होते.

त्याच दुपारी आवक-जावकच्या टेबलावर माझ्या हातात पत्र ठेवलं. ‘आपण कोणत्याही पदवी वा पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेशित नसल्याने तसेच अर्जात चुकीची माहिती भरल्याने, सबब आपली नोंदणी रद्द करण्यात येत आहे.’ पत्रावर तारीख होती बारा दिवसांपूर्वीची. बारा दिवस ते माझ्यापर्यंत का आलं नाही, ते कोणी सांगेना.

मी कोण, ते थोडक्यात सांगते. वय 41. 2005 साली रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले, त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. गेली अकरा वर्षं तालुक्याच्या गावी एका दूध संकलन केंद्रात तपासणीचं काम करते. पहाटे साडेपाचला कॅन यायला लागतात. प्रत्येकाचं सॅम्पल घ्यायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढायचं. गायीच्या दुधाला 3.5 आणि 8.5 लागलं तर पूर्ण दर, खाली आलं तर कपात. शंका आली तर मिथिलीन ब्लूचे थेंब टाकून नळी कोमट पाण्यात ठेवायची. निळा रंग जितका लवकर उडेल तितके दुधात जंतू जास्त. हे मी हजारो वेळा केलं आहे. कुठले जंतू, कुठून आले, सडातून की कॅनच्या झाकणातून, हे मला कधीच सांगता आलं नाही. दूध परत केल्यावर समोरचा म्हातारा विचारतो, ‘ताई, माझ्या गाईला काय झालंय?’ आणि मी गप्प बसते. या एका प्रश्नापायी मला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचं होतं. शिवाय आमच्याकडे गुणवत्ता प्रमुखाची जागा निघते तेव्हा त्या विषयाचे पदव्युत्तर क्रेडिट, म्हणजे शिकलेल्या तासांचे श्रेयांक, मागतात, तेही होतं.

दोन वर्षांची एम.एस्सी. मला परवडणारी नाही, वेळानेही आणि पैशानेही. म्हणून जूनमध्ये विद्यापीठाची सूचना वाचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. कोणत्याही पदवीधराला हवा तो एक विषय नियमित वर्गात बसून क्रेडिटसाठी शिकता येईल, असं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. मी त्याची प्रिंट काढून भिंतीवर लावली.

अर्ज ऑनलाइन. त्यात ‘प्रोग्राम’ असा एक रकाना आहे, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. यादीत बी.ए.पासून पीएच.डी.पर्यंत सगळं आहे. एकच विषय घेणाऱ्यासाठी काही नाही. मी खिडकीवर जाऊन विचारलं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, ‘मॅडम, एम.एस्सी. भाग एक टाका, नंतर आम्ही आतून दुरुस्त करू.’ मी तसं टाकलं. आज तीच माझी ‘चुकीची माहिती’ झाली आहे. मंत्रिमहोदय, ज्याने ती भरायला सांगितली तो खिडकीच्या आत बसला आहे आणि मी बाहेर फसवी ठरले आहे. वीस वर्षांच्या गॅपचं प्रतिज्ञापत्र दिलं, मूळ टी.सी. दिला, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती दिल्या. अर्जाचे 500 आणि विषयाचे 6,000 रुपये भरले. पावतीवर ‘विषय शुल्क’ असंच छापलेलं आहे. पैसे घेताना मी प्रवेशित आहे की नाही, हे कोणी विचारलं नाही.

चार क्रेडिटची थिअरी आणि दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक. थिअरीला एका क्रेडिटचे पंधरा तास आणि प्रॅक्टिकलला तीस, म्हणजे एकूण 120 तास. आठवड्यातून दोन दिवस जायचं. तीसपैकी अठ्ठावीस दिवस गेले. एक दिवस सासूबाई दवाखान्यात होत्या आणि एक दिवस नाल्याला पूर आल्याने एसटी फिरली नाही. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून येऊन-जाऊन 130 रुपयांत भागलं. त्याचे 3,640. कामावर अठ्ठावीस खाडे, रोजाचे 450 धरून 12,600. सगळे मिळून 22,740 रुपये. हा माझा जवळपास दोन महिन्यांचा पगार झाला. नवऱ्याने एकदाही नको म्हटलं नाही. अकरावीतली लेक पहाटे उठून माझ्या वाटणीची धार काढायची आणि मग कॉलेजला जायची. तिला मी काय सांगू?

आणि शिकायला मिळालं ते काय होतं, तेही आपण ऐका, कारण फाइलमध्ये ते कुठेच येणार नाही. ऑक्टोबरमध्ये सरांनी सांगितलं की आपापल्या भागातलं एक सॅम्पल आणा. मी शेजारच्या गाईचं दूध नेलं. तिला कासदाह झाला होता, आमच्याकडे दगडी म्हणतात. प्लेटवर वाढवलं, काचपट्टीवर घेतलं, आचेवरून फिरवलं, जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल, मग लाल रंग. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला तर जांभळ्या गोळ्यांचे घोस, द्राक्षांच्या घडासारखे. सर मागून म्हणाले, ‘स्टॅफिलोकोकस.’ अकरा वर्षं ज्या प्रश्नाला मी गप्प बसत होते त्याचं उत्तर त्या भिंगाखाली होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या शेजाऱ्याला सडं धुण्यापासून इंजेक्शननंतर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही इथपर्यंत सगळं समजावलं. त्या कुटुंबाच्या दुधाला आता कपात लागत नाही. याचे क्रेडिट शून्य.

शून्य हे मी रागाने म्हणत नाही, ते माझ्या मोबाइलवर दिसतं. डिजिलॉकरमधून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन बँकेचं, खातं मी स्वतः काढलं. बारा आकडी ओळख क्रमांक मिळाला. खाली लिहिलेलं आहे: एकूण क्रेडिट 0. या बँकेत विद्यार्थ्याला स्वतः काही भरता येत नाही, संस्थाच भरू शकते. आणि संस्था म्हणते, तुम्ही आमच्या कोणी नाही.

29 जुलै 2020 ला राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. बरोबर वर्षाने क्रेडिट बँक आली. क्रेडिट सात वर्षं टिकतील, कधीही या, कधीही जा, आयुष्यभर शिका, असं आम्हाला सांगण्यात आलं. त्या धोरणात प्रौढ आणि आजीवन शिक्षणाला 21 वं प्रकरण अख्खं दिलेलं आहे, ते मी दोनदा वाचलं. महाराष्ट्रात 2023-24 पासून विद्यापीठ विभागांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत, 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत ते लागू झालं. एप्रिल 2022 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन पूर्ण डिग्र्या करायला परवानगी दिली. दोन डिग्र्या चालतात आणि एक पेपर चालत नाही, हे कुठलं गणित आहे? दिल्ली विद्यापीठाने आपल्या शताब्दीच्या वर्षी, 2022 मध्ये, काँपिटन्स एन्हान्समेंट स्कीम काढली. डिग्रीला नाव न घालता चालू वर्गात बसायचं, एका सत्रात दोन पेपर किंवा आठ क्रेडिटपर्यंत घ्यायचे, परीक्षा द्यायची. तिथे बसतं ते आमच्याकडे का बसत नाही? एका रकान्यात एक ओळ वाढवायला किती मंत्रिमंडळ बैठका लागतात?

मला सगळे म्हणतात, ‘मुक्त विद्यापीठात जा.’ ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणत 1989 मध्ये उभ्या राहिलेल्या त्या विद्यापीठाबद्दल मला आदर आहे, माझी नणंद तिथूनच पदवीधर झाली. पण मला वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह हवा आहे, जंतू वाढवायला इन्क्युबेटर हवा आहे, चूक झाली की मागून हात धरणारा शिक्षक हवा आहे. सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरची व्याख्यानंही मी ऐकली, चांगली आहेत. मोबाइलच्या काचेवर जंतू वाढवता येत नाहीत. ही यंत्रं विद्यापीठात आहेत, जनतेच्या पैशाने घेतलेली आहेत, आणि आठवड्यातले तीन दिवस त्या प्रयोगशाळेला कुलूप असतं. कारण शिकवायला माणूस नाही. विभागात मंजूर जागा सात आणि भरलेल्या तीन. मला ज्यांनी शिकवलं ते सर तासिका तत्त्वावर आहेत, नेट झालेले, पीएच.डी. झालेले. दिवाळीत त्यांना मानधन मिळालं नव्हतं. त्यांनी माझी हजेरी रोज मांडली, अंतर्गत परीक्षेत मला 40 पैकी 34 गुण दिले. आता त्यांनाच विचारणा झाली आहे की ‘अप्रवेशित व्यक्ती’ला वर्गात बसवलं कसं. माझ्यापायी त्यांचं पुढच्या वर्षीचं काम गेलं तर ते पाप कोणाच्या माथी?

या राज्यात विद्यार्थी म्हणजे अठरा ते बावीस वयाचं, पीआरएन असलेलं पोर. त्या चार वर्षांत जे झालं ते झालं. ज्यांचं लग्न आड आलं, ज्यांची शेती आड आली, ज्यांच्या गावात त्या वेळी विषयच नव्हता, त्यांच्यासाठी दार बंद. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आमच्यासारख्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. माझ्या लेकीला त्याचा लाभ मिळेल, त्याचं मला मनापासून समाधान आहे. पण तिच्या आईने पूर्ण फी भरूनही तिला पेपर लिहू दिला जात नाही. जाहिरातीत आम्ही असतो, यादीत नसतो. धोरण मंत्रालयात लिहिलं जातं आणि त्याचा जीव जातो पात्रता विभागाच्या टेबलावर. तिथल्या माणसाला कोणी प्रशिक्षण देत नाही, लेखी आदेश देत नाही. तो घाबरून ‘नाही’ लिहितो, कारण ‘नाही’ लिहिल्याबद्दल आजवर कोणावर कारवाई झालेली नाही.

माझं मागणं फार नाही. माझी नोंदणी पूर्ववत करावी, माझा पेपर पुरवणी परीक्षेत घ्यावा आणि मिळतील ते क्रेडिट खात्यात जमा करावेत. नापास झाले तर माझं मी बघेन. डिग्री न घेता एकेक विषय शिकणाऱ्यांसाठी सगळ्या अकृषी विद्यापीठांना लागू होईल असा शासन निर्णय काढावा, आणि त्यात पीआरएन, हॉलतिकीट आणि क्रेडिट कोण, किती दिवसांत देणार हे लिहावं. सरांना त्रास होऊ नये.

माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे, त्याचे तीस दिवस मोजते आहे. पुरवणीचे फॉर्म पुढच्या महिन्यात निघतात. आणि माझा मूळ टी.सी. अजून पात्रता विभागातच आहे. तो मागायला गेले तर म्हणाले, ‘प्रवेश रद्द झाल्याचा अर्ज द्या, मग मिळेल.’ प्रवेश झालाच नव्हता असं तुमचंच पत्र आहे, मी म्हटलं. ते म्हणाले, ‘उद्या या.’ उद्या माझी पहाटेची पाळी आहे. परवा येते म्हणून सांगून आले आहे.

आपली,
एक दूध तपासनीस,
बी.एस्सी. (रसायनशास्त्र), 2005