मनीचा डोळा आणि भाच्याची चिंगी

विक्रोळी, मुंबई

प्रिय पक्या,

परवा तू सहज विचारलंस की पोरगा टॅरँट्युला, म्हणजे तो मोठा केसाळ कोळी, पाळायचं म्हणतोय, घरात दोन मांजरं आहेत तर चालेल का, आणि मी नुसता हसायचा इमोजी टाकला. सॉरी यार, तेव्हा ट्रेनमध्ये लटकत होतो. शिवाय ते दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतंच, कारण आमच्याकडे हे नाटक मे महिन्यात होऊन गेलंय.

ताई-भावजी गावी गेले तेव्हा भाचा आमच्याकडे राहायला आला तो आपली चिंगी घेऊनच. चिंगी म्हणजे चिलीयन रोझ जातीची टॅरँट्युला, तळहाताएवढी, दिवसभर दगडासारखी बसून राहणारी. आई म्हणाली, कोळिष्टकं काढण्यात जन्म गेला माझा आणि आता कोळीणच पाहुणी. तिसऱ्या रात्री बाळराजांनी पाणी बदललं आणि झाकणाची खिटी लावायला विसरले. पहाटे पाचला मी पाणी भरायला उठलो तर आमची मांजर मनी गॅसच्या सिलिंडरसमोर पुतळ्यासारखी बसलेली, फक्त शेपटीचं टोक हलतंय. मला वाटलं उंदीर असेल. वाकून बघतो तर चिंगी भिंतीला टेकून पुढचे पाय वर करून उभी. मी मनीला उचलणार तेवढ्यात तिने पंजा मारलाच, तशी चिंगी गर्रकन वळली आणि मागच्या पायांनी पोटावर खसाखसा घासायला लागली, टॉर्चच्या उजेडात बारीक धूळ उडाल्यासारखं दिसलं बघ. पुढच्या क्षणी मनी शिंकतेय, तोंडातून लाळ आणि उजवा डोळा मिटलेला.

ती धूळ म्हणजे कुसळं. अमेरिका खंडातल्या बऱ्याच टॅरँट्युलांच्या पोटावर असतात, खाजकुयलीसारखी, त्यांना बारीक काटे असतात त्यामुळे डोळ्यात रुतली की चोळून निघत नाहीत, उलट आत जातात. आपण चावण्याला घाबरतो, पण चिलीयन रोझचं विष तसं सौम्य असतं, खरी भानगड या कुसळांची. आणि मांजर पडलं मांजर, सगळीकडे आधी नाक घालणार.

बायको उठली ती थेट झुरळांचा स्प्रे घेऊनच धावत आली. मी असा ओरडलो की खालचे काका गॅलरीत आले. पक्या, हे मात्र नीट लक्षात ठेव, असल्या स्प्रेत पर्मेथ्रिनच्या जातीची जी कीटकनाशकं असतात ती मांजराच्या लिव्हरला नीट पचवता येत नाहीत, अंगावर पडली आणि चाटून पोटात गेली तर थरथर सुटते, आकडीसुद्धा येते. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावून लोक असंच मांजर घालवतात. म्हणजे कोळिणीने नाही तर आपणच मारायचं! आणि दुखतंय बिचारीला म्हणून आपली पॅरासिटामॉलही द्यायची नाही, मांजराला ते विषच.

मग मनीला टॉवेलमध्ये गुंडाळलं, बायकोने धरलं आणि मी सलाइनची अख्खी बाटली तिच्या डोळ्यावर हळूहळू ओतली, हातावरचे ओरखडे अजून दाखवीन तुला. नाकाजवळची कुसळं सेलोटेप चिकटवून काढली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंग घालून निळ्या लाइटखाली बघितलं, बुबुळावर बारीक चरा होता. म्हणाल्या, घरातले जुने ड्रॉप मनाने घालू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर जखम चिघळते. दहा दिवस गळ्यात लॅम्पशेडसारखी कॉलर, मनी प्रत्येक दाराला धडकत फिरायची.

चिंगीला भाच्याने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याखाली झाकलं आणि खालून लग्नपत्रिका सरकवून उचललं. खरं सांगू का, मरायची शक्यता तिचीच जास्त होती. हे जड कोळी ओट्याच्या उंचीवरून पडले तरी पोट फुटून मरू शकतात.

तुझ्या पोराला एकच सांग, कुठला ते आधी ठरव. आशिया-आफ्रिका-ऑस्ट्रेलियाकडच्यांना ही कुसळं नसतात, पण ते विजेसारखे पळतात आणि विष जबरदस्त. आपल्या आंध्रातला तो सुंदर निळा त्यातलाच, तो तर जंगलातच कसाबसा उरलाय, त्याचं नाव काढू देऊ नकोस. ऑस्ट्रेलियातल्या टॅरँट्युलांच्या चाव्यांवर 2003 मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात माणसांना फारसं काही झालं नाही पण चावलेले सातही कुत्रे मेले, काही तर अर्ध्या ते दोन तासांत. मांजराच्या घरात ही रिस्क मी तरी घेणार नाही. मेक्सिकन रेड नी, म्हणजे लाल गुडघ्यांचा टॅरँट्युला, हवा असेल तर 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याखाली तो नोंदवावा लागतो, दुकानदाराकडे आधी कागद माग.

टाकी मांजराला ढकलता येणार नाही अशी ठेव, झाकणाला कुलूप लाव, किल्ली वहिनींकडे. आणि सुटलाच तर आधी मांजरं बेडरूममध्ये कोंड, कोळी मग शोध.

मनीचा डोळा आता ठणठणीत आहे. भाऊबीजेला ताई येणार, भाच्याने आत्तापासूनच विचारून ठेवलंय, मामा, चिंगीला आणू का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुझा,
बंड्या