सीडीची छापील बाजू जपा

महोदय,
मोबाइलवर गाणी फुकट मिळत असताना सीडी कोण घेतं, असं हमखास विचारलं जातं. कारण साधं आहे. हक्कांचा करार संपला की ॲपवरचं गाणं गायब होऊ शकतं. कपाटातली सीडी कुठे जात नाही. शास्त्रीय गायनाच्या सीडीत बरेचदा साथीदारांची नावंही छापलेली असतात. ॲपवर तानपुऱ्याला कोण होतं, हे शोधून दाखवावं!

मात्र जपणूक चुकते. लोक चकचकीत बाजू सांभाळतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. चकचकीत बाजूला सुमारे १.२ मिलिमीटर जाड पॉलिकार्बोनेट, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक असतं. तिथला हलका ओरखडा पॉलिशने निघतो. ज्यावरून गाणं वाचलं जातं तो ॲल्युमिनियमचा थर छापील बाजूला, लॅकरच्या पातळ लेपाच्या लगेच खाली असतो. तिथे बॉलपेनचं टोक रुतलं की तेवढं गाणं कायमचं गेलं. पुसतानाही गोल गोल नको, मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल ओरखडा वाचनाच्या मार्गातच लांबवर पडतो, मग प्लेअरला चूक भरून काढता येत नाही आणि गाणं अडखळतं. घरी बर्न केलेल्या सीडी तर उन्हात ठेवूच नयेत, ज्यात गाणं नोंदलेलं असतं तो आतला रंग उडतो.

– एक वाचक, पुणे