अवी, सही करून बसलोय

बडोदे, ९ डिसेंबर

प्रिय अवी,

सहा महिने पत्र नाही, रागावला असशील. तब्येत ठीक, साखर आटोक्यात.

दिवाळीनंतर मनूकडे बार्सिलोनाला गेलो होतो. तिनं गांदेसाची वाइनरी दाखवली. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची, १९१९ सालची. आत शिरलो आणि वर गेलेली मान खाली येईना! वास्तुकार सेसार मार्तिनेल, बार्सिलोनाच्या त्या प्रसिद्ध गौदीच्या हाताखाली तयार झालेला. तुळयांना पैसा नव्हता, म्हणून त्यानं पातळ विटा आडव्या, थरावर थर चिकटवून छत उभं केलं. त्याच्याच पिनेल गावच्या वाइनरीत तर विटांच्या पॅराबोलिक, उंच निमुळत्या कमानी. तिथल्या चित्रांच्या फरशा संस्थेला महाग वाटल्या, कित्येक वर्षं तशाच पडून होत्या.

"पैसा नसेल तिथं कमान कसली, पत्रा घाला," असं कलाभवनात तू म्हणालास आणि आठवडाभर आपण बोललो नाही. हरलास बघ! ते शेतकरी द्राक्षवेलींवरच्या फायलोक्झेरा किडीनं नागवलेले. ती मुळांनाच लागते. अमेरिकी खुंटांवर कलमं करून बागा पुन्हा लावायच्या, तर एकट्याचं काम नव्हे. १८८९ मध्ये कवठेकरांनी आपल्या बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तीही अशाच नडीपोटी.

आता खरं सांगतो. जाण्याआधी एका गावच्या सहकारी मंडळीचं जुनं गोदाम तपासलं. विटांच्या कमानी, ओल, एक तडा. 'धोकादायक, पाडावे' लिहिलं, सही केली. पाया उकरून पाहिला नाही, पागोळीचं पाणी कुठं जातं तेही नाही. गांदेसात त्या छताखाली उभा होतो आणि डोळ्यांपुढे ते गोदाम. आल्या आल्या गेलो. पन्हळ फुटलीय, सगळं पाणी भिंतीतच मुरतंय. तड्यावर काचपट्टी बसवली, तडा वाढला तर ती फुटेल. बारा दिवस झाले, शाबूत आहे. पण सही माझी आहे, अवी. त्या गोदामासाठी लोकांनी पोटाला चिमटा घेतला असेल. झोप लागत नाही.

अभिप्राय मागे घ्यायचा तर दुसरी सही हवी. रेल्वेच्या कमानी पुलांवर तीस वर्षं तूच काढलीस. (कमान कसली म्हणे!)

वहिनींचा गुडघा कसा आहे? निखिलच्या लग्नाचं ठरलं का? सविस्तर लिही, नाहीतर भेटीतच सांग.

शनिवारी मंडळीची बैठक आहे. शुक्रवारी ये, आणि तुझी ती लहान हातोडी आण. पोकळ वीट तुझ्या कानाला कळते.

तुझा,
विन्या