हाताला मांजर चावलं तर नुसतं रेबीजचं इंजेक्शन पुरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुत्रा-मांजर चावल्याची बातमी आली की खाली रेबीजची लस घ्या असं तुम्ही छापता, ते बरोबरच आहे, त्यात एक दिवसही चालढकल नको. पण चावा हाताला असेल तर आणखी एक धोका असतो, त्याबद्दल कुठेच काही येत नाही म्हणून हे पत्र.

माझ्या वहिनीला उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या सांध्यावर मांजर चावलं. टाचणी टोचल्यासारख्या दोन खुणा, रक्त पण जेमतेम. दवाखान्यात रेबीजची लस दिली, टीटी दिलं, पुढच्या तारखा लिहून घरी पाठवलं, अँटिबायोटिक काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट लालबुंद सुजलेलं, सरळ करायला गेलं की ती ओरडायची. परत गेलो तर एक्सरे नॉर्मल आहे म्हणून पेनकिलर दिली आणि त्यातच दिवस गेले. हाताच्या सर्जनकडे पोचलो तोवर इन्फेक्शन हाडात उतरलं होतं. ऑपरेशन करून पू काढला, खराब हाड खरवडलं, मग सहा आठवडे अँटिबायोटिक. ती ब्लाउज शिवते आणि ते बोट अजून पूर्ण वळत नाही.

सर्जननी सांगितलं ते असं, मांजराचे दात बारीक आणि लांब, बोटावर मांस कमी, त्यामुळे दात थेट सांध्यात नाहीतर टेंडनच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या, बोट हलवणाऱ्या दोरीच्या) आवरणात जातो, वरचं भोक लगेच मिटतं आणि पाश्चुरेला नावाचा जंतू आत कोंडला जातो. सूज बऱ्याचदा २४ तासांच्या आतच येते, पण हाडातला बदल एक्सरेत दिसायला दहा-पंधरा दिवस लागतात, मग सुरुवातीच्या नॉर्मल एक्सरेवर निर्धास्त कसं राहायचं? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१४ च्या अभ्यासात हाताला मांजर चावलेल्या १९३ पेशंटपैकी ५७ जणांना अ‍ॅडमिट करावं लागलं होतं.

आणि हळद, चुना, तिखट जखमेत भरणं अजून चालूच आहे, ते बंद व्हायला हवं. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना अँटिबायोटिकबद्दल स्पष्ट विचारायचं.

सरकारी दवाखान्यांनी लसीच्या तारखांखाली केसपेपरवर एवढं तरी लिहावं, "बोट सुजलं किंवा सरळ करताना दुखलं तर पुढच्या डोसची वाट न बघता लगेच या." तुम्ही पण आरोग्य पुरवणीत हाताच्या सर्जनकडून यावर लेख लिहून घ्या ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा